जहाजातून आलेला एकही शब्द नाही: फांगामोमोनाच्या वाटेवरची पैज

न्यूझीलंडमधल्या तमाम मराठी आईबापांनो! रोटोटुनापासून टाकानिनीपर्यंत पसरलेल्या, कढीपत्त्याच्या एका जुडीसाठी पापाटोएटो गाठणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो! आपलं दुःख एकच आहे. आपण विचारतो, "जेवलीस का गं?" आणि उत्तर येतं, "येह, हीप्स," म्हणजे हो, भरपूर. आपण म्हणतो, "चपला घाल," आणि कार्टी विचारते, "व्हेअर आर माय जँडल्स?" समजतं सगळं, बोलत काही नाहीत. आपली मराठी त्यांच्या कानात शिरते आणि तोंडापर्यंत यायच्या आत कुठल्यातरी नाक्यावर तिचा पासपोर्ट जप्त होतो.

मीही तुमच्यासारखाच पीडित. फक्त मी गप्प बसणारा नाही. मी खानापूरचा, बेळगाव जिल्ह्यातला. सीमाभागात जन्मलेल्या माणसाला भाषेबद्दल हळू आवाजात बोलता येत नाही. आम्ही दुधाच्या दातांनी घोषणा दिल्या आहेत. हॅमिल्टनला आलो, पाइप आणि पंपांची नोकरी धरली, आणि लगेच रोटोटुनात रविवारचा मराठी वर्ग उघडला. सुरुवातीला खुर्च्या कमी पडायच्या. आता पाच मुलं उरली आहेत, आणि त्यातली एक माझीच.

ती एक म्हणजे रेवा, वय वर्षं तेरा. एप्रिलच्या सुट्टीत तारानाकीच्या बाजूला तीन दिवस भटकून यायचं ठरलं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी पोळी मोडता मोडता ती म्हणाली, "बाबा, नेक्स्ट टर्म आय अ‍ॅम नॉट कमिंग टू मराठी क्लास."

(ती बोलते इंग्रजीतच. लांबलचक वाक्यं मी मराठीत देतो, नाहीतर हा ब्लॉग तिचाच होईल.)

"का?" मी विचारलं.

"कारण मी एक वाक्य बोलले की तू त्याचं ऑपरेशन करतोस. पेशंट दर वेळी मरतो."

माझी बायको मृणाल आमटीत तोंड लपवून हसली. मला हसू येत नव्हतं. शिक्षकाचीच मुलगी गेली, की उरलेल्या चौघांचे आईबाप आठवडाभरात पोरांना टॉग्ज घालून पोहायला नेणार आणि माझ्या वर्गाला कुलूप लागणार, हे मला दिसत होतं.

"आणि तू स्वतः मिक्स करतोसच की," रेवा म्हणाली. "काल फोनवर म्हणालास, 'कारचं सर्व्हिसिंग पेंडिंग आहे.' त्यात मराठी फक्त 'आहे' आहे."

झालं. मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो. "या प्रवासात," मी गरजलो, "घराचं दार लावल्यापासून ते परत उघडेपर्यंत, माझ्या मराठीत जहाजातून आलेला एकही शब्द येणार नाही!"

'जहाजातून' हा शब्द मी विचारपूर्वक निवडला होता. माझं वाचन आहे. 'दुकान', 'रस्ता', 'जमीन' हे फारसी-अरबीतून आले हे मला ठाऊक आहे, आणि ते काढले तर माणूस मुका होतो हेही. ते घोड्यावरून आले, आपल्या पंगतीला बसले, घरचे झाले. जहाजातून आला तो इंग्रज. तेव्हा बंदी जहाजावर! गावांची नावं माफ, इथल्या लोकांशी इंग्रजीत बोलणं माफ. मी जिंकलो तर रेवा वर्षभर वर्गाला येणार. हरलो तर ती मोकळी. पंच मृणाल. ती फार्मासिस्ट आहे; गोळ्या मोजताना चुकत नाही, आणि नवऱ्याच्या चुका मोजताना तर नाहीच नाही.

सकाळी मागच्या अंगणातल्या फीजोआंच्या दोन पिशव्या गाडीत टाकल्या. ज्यांनी हे फळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी: हिरवं, अंड्याएवढं, चवीला पेरूने अननसाशी लग्न केल्यासारखं. एप्रिलमध्ये हॅमिल्टनमध्ये कुणाकडेही रिकाम्या हाताने जा, फीजोआ घेऊनच परत याल. दार ओढून घेतलं, आणि "मृणाल, चावी दे" म्हणून मी प्रवासाचा श्रीगणेशा केला.

दक्षिणेला टे कुइटीपर्यंतचा रस्ता सपाट आणि सोपा आहे. गावात मेंढी कातरणाऱ्याचा अजस्र पुतळा आहे, त्याखाली फोटो काढायचा हा नियम. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या छोट्या किराणा दुकानात, रेवाने विचारलं, "बाबा, तुला काय हवंय?"

"गोठवलेलं गोड दूध," मी म्हणालो. "शंकूतलं."

"विच फ्लेवर?"

"आंबट-गोड लाल फळाचं."

तिने मला मुद्दाम कॉफीचं आणून दिलं. पुढे घाटात समोरून लाकडं भरलेला एक प्रचंड ट्रक आला आणि मी ओरडलो, "अगं, ती माल—" आणि जीभ चावली, कारण 'मालमोटार'मध्ये मोटार आहे. "मालवाहू धूड!" मागच्या सीटवरून टाळ्या पडल्या. मी फॉर्मात होतो. ब्रेकला रोधक म्हणालो, सीट बेल्टला सुरक्षापट्टा, आणि टाउमारुनुईच्या पेट्रोल पंपावर "इंधन" अशी खणखणीत घोषणा केली.

पंपावरून आठवलं. टाउमारुनुईला टाकी पूर्ण भराच. तिथून स्ट्रॅटफर्डपर्यंत जो जुना रस्ता जातो त्याला 'विसरलेल्या जगाचा महामार्ग' म्हणतात, आणि विसरलेल्या जगात पेट्रोल मिळत नाही. फोनचं नेटवर्कही नाही. डबा बरोबर ठेवा. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती आणि एका खिंडीत बॉनेटवर पंगत मांडली. रस्ता एकामागून एक खिंडी चढतो, उतरतो. टेकड्या इतक्या उभ्या की मेंढ्या त्यांवर चिकटवल्यासारख्या वाटतात. मध्ये मोकीचा एकपदरी बोगदा लागतो. आत शिरण्याआधी समोरून कुणाचे दिवे येत नाहीत ना, ते बघून घ्या. गाडी हळू चालवा. घाई असेल तर दुसऱ्या रस्त्याने जा; हा रस्ता घाई करणाऱ्याचं दुपारचं जेवण परत मागतो.

दुपार कलताना फांगामोमोना आलं. एक रस्ता, एक जुनं लाकडी हॉटेल, चार-सहा इमारती. पण हे गाव नव्हे महाराजा, हे प्रजासत्ताक आहे! ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सरकारने विभागांच्या सीमा नव्याने आखल्या आणि तारानाकीचं हे गाव न विचारता शेजारच्या विभागात ढकललं. गावाने काय करावं? मोर्चा नाही, उपोषण नाही. त्यांनी स्वतःला प्रजासत्ताक जाहीर केलं, पासपोर्ट छापले, अध्यक्ष निवडला. पुढे एका निवडणुकीत एक बोकड अध्यक्ष झाला. प्रतिस्पर्ध्यांच्या मतपत्रिका त्याने खाऊन टाकल्या अशी तिथे आख्यायिका आहे. मी अनेक निवडणुका जवळून पाहिल्या आहेत. असा उघड कारभार विरळा.

खानापूरच्या माणसाने हे ऐकल्यावर स्वस्थ बसावं? हॉटेलात पासपोर्टवर शिक्का मारून घेतला आणि बाहेर येऊन, बाकावर चढून, मी इंग्रजीत भाषण सुरू केलं. जनतेला न विचारता कागदावर ओढलेल्या रेषा, भाषेची अस्मिता, सीमेवरच्या माणसाचा हुंकार! श्रोते: दोन मोटरसायकलवाले, एक कुत्रा, आणि गंबूट घातलेला एक म्हातारा शेतकरी.

शेतकऱ्याने मृणालला हळूच विचारलं, "हा ठीक आहे ना?"

"तो सीमाभागातला आहे," मृणाल म्हणाली.

"ऑ, स्वीट अ‍ॅज, मग झकासच," म्हातारा म्हणाला. "आम्ही पण." आणि टाळ्या वाजवून निघून गेला.

रेवाने जॅकेटची टोपी नाकापर्यंत ओढली होती. "वरांड्यात गप्प उभी काय राहिलीस?" मी बाकावरून उतरत म्हणालो. "चल, मुक्कामी जायचंय."

मुक्काम होता गावाबाहेरच्या एका मेंढ्यांच्या फार्मवर. लोकर कातरणाऱ्यांची जुनी राहण्याची चाळ होती, तिच्या दोन खोल्या आता पाहुण्यांना देतात. भाडं हॅमिल्टनच्या मोटेलपेक्षा कमी, वर नाश्ता आणि मागितलं तर रात्रीचं जेवण. मालकीण ग्लाडिस, साठीच्या पुढची, ठेंगणी, खणखणीत. नाव वाचून मला वाटलं इंग्लंडकडची असेल. निघाली उरुग्वेची. नवरा तरुणपणी मेंढ्या कातरायला इकडे आला, त्याच्या मागून ती. नवरा फार बोलत नाही. त्याचा कोटाही तीच वापरते.

मी गाडीतून सामान काढत असताना फार्मवरच्या एका कुत्र्याने मला मेंढी समजून हाकललं आणि मी पावसाने भिजलेल्या आवारात सपशेल आडवा झालो. चिखल म्हणायचं आपलं. मेंढ्यांच्या आवारात चिखल कमी आणि लेंड्या जास्त असतात. तशाही अवस्थेत पैज माझ्या लक्षात होती.

"मृणाल! बादली आण! साबण आण!"

मृणाल हसत कठड्याला टेकून उभी होती, ती जागची हलली नाही. पण स्वयंपाकघराच्या दारातून ग्लाडिस धावत आली. एका हातात बादली, दुसऱ्या हातात साबण.

पायऱ्यांवर बसलेली रेवा फोनमधून वर बघायला लागली. "थांब. तिला कसं कळलं?"

"अस्सल भाषा काळजाला भिडते, बाळा," मी चिखलातून म्हणालो.

ग्लाडिसने बादली माझ्यासमोर ठेवली. "बाल्दे," ती म्हणाली. मग साबण दाखवून, "साबाऊं." आणि मग इंग्रजीत, "तू आमच्या गावची भाषा कुठे शिकलास?"

मी त्या क्षणीच ओळखलं. पुस्तकात वाचलं होतं की हो! परीक्षेतसुद्धा लिहिलं होतं: पोर्तुगीजांनी मराठीला दिलेले शब्द. पण वाचलेलं डोक्यात असतं आणि बादली तोंडात असते, त्यांची कधी भेटच होत नाही. मी शहाण्यासारखा गप्प राहिलो. रेवा राहिली नाही.

"तुम्ही पोर्तुगीज बोलता? उरुग्वेत तर स्पॅनिश ना?"

"उरुग्वे स्पॅनिश बोलतो," ग्लाडिस म्हणाली, "आम्ही उरुग्वेच्या टोकाला राहतो. आत ये, सांगते."

जेवणाच्या टेबलावर माझं श्राद्ध घातलं गेलं. रेवा एकेका वस्तूवर बोट ठेवी आणि माझ्याकडे बघे. मी नाइलाजाने मराठी शब्द सांगे. ग्लाडिस तिचा शब्द सांगे. बटाटा, बताता. पाव, पाऊं. घमेलं, गामेला. मृणालने मदतीच्या नावाखाली घाव घातला: "पगार विचार, पगार!" ग्लाडिस म्हणाली, "पागार म्हणजे पैसे देणे." कोपऱ्यातून तिचा नवरा संध्याकाळचा पहिला शब्द बोलला. मी 'लिलाव' म्हणालो होतो आणि त्याने मान वर केली. "लेइलाऊं," तो म्हणाला, "गुरांचा." आणि पुन्हा मिटला.

"साबणाबद्दल पंडितांत वाद आहे," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"चावी?" मृणालने विचारलं.

"शावे," ग्लाडिस म्हणाली. तिने खिळ्यावरची किल्ली काढून दाखवली.

मृणालने पंचाच्या थाटात हात वर केला. "काल संध्याकाळी ठरलं होतं, दार लावल्यापासून. दार लावल्यावर तुझं पहिलं वाक्य काय होतं? 'मृणाल, चावी दे.' गाडी सुरू व्हायच्या आत तू आउट आहेस, विश्वास. तुझं गोठवलेलं दूध आणि मालवाहू धूड सगळं वाया गेलं. तो वरांडाही त्यांचाच."

रेवा टेबलाभोवती नाचली. मी वक्ता आहे. पडलो तरी माइक सोडत नाही. "हे शब्द जहाजातून आले असतील, पण चारशे-पाचशे वर्षं आपल्याकडे राबले! आता ते आपलेच!"

रेवा थांबली. "मग जँडल्स कधी होणार आपला?"

मी तोंड उघडलं.

"नाही, खरंच सांग. किती वर्षं बंदरावर उभं राहायचं त्याने?"

हजारोंच्या सभा गाजवलेल्या मी पावावर तुपाचा आणखी एक थर थापला. "आणि तू जे पावावर थापून खातोयस ना, ते तूप," मृणाल शांतपणे म्हणाली, "तो शब्द कानडी आहे." खानापूरच्या माणसाला! तूप मी बरोबर नेलं होतं, घरी कढवलेलं.

जेवणानंतर ग्लाडिसने माते काढलं. भोपळ्यासारख्या छोट्या तुंब्यात हिरव्या पानांचा चुरा, त्यावर गरम पाणी, आणि एकच धातूची नळी. ती भरून एकाला देते, तो संपवून परत देतो, मग दुसऱ्याला. माझी पाळी झाल्यावर मी सभ्यपणे "थँक यू" म्हणालो. मग माझी पाळी आलीच नाही. मृणालला तीनदा मिळालं, रेवाला दोनदा. शेवटी मी विचारलं.

"तू थँक यू म्हणालास ना," ग्लाडिस म्हणाली. "म्हणजे तुला बास. घरचा माणूस कशाला आभार मानेल?"

हे तर थेट आपल्याच आईचं वाक्य! मला ती बाई तिथेच आत्याबाई वाटायला लागली. फीजोआ कापून समोर ठेवल्या तर म्हणाली, "न्यूझीलंडवाले म्हणतात हे त्यांचं फळ. हे आमच्या टेकड्यांवरचं रानफळ आहे. आमच्या बाजूलाही होतं आणि ब्राझीलच्याही. त्याला कुणी पासपोर्ट विचारला नाही."

तिचं गाव रिव्हेरा. रस्त्याच्या या बाजूला उरुग्वे, त्या बाजूला ब्राझीलचं लिव्रामेंतो. मध्ये कुंपण नाही, नदी नाही. एक बाग आहे, तिच्यात दोन झेंडे. पाव या देशातून, शेंगा त्या देशातून, आणि दोन्ही रस्ता ओलांडून. ज्या देशाचं चलन त्या आठवड्यात पडलेलं, त्या देशाच्या दुकानांत गर्दी. आता आमच्या बाजूला करमुक्त दुकानांची रांग लागलीय, ती म्हणाली, ब्राझीलची माणसं बसेस भरून अत्तरं आणि टीव्ही न्यायला येतात. पूर्वी उलटं होतं. पीठ, साखर, माते पाठीवर किलोकिलोने वाहून आणणारी माणसं होती, त्यांना नावच 'किलोवाले' पडलं होतं. कायद्याने चोरटे, गावाच्या लेखी वाणी.

"आमच्याकडेही!" मी उसळलो. गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा आमच्या खानापूरच्या घाटांतून परदेशी कापड, घड्याळं, दाढीची पाती यायची. आजोबा सांगायचे, की त्या पात्यांनी दाढी केली की दोन दिवस गाल चोरटा वाटायचा. ग्लाडिस टेबल बडवून हसली.

"मग तुमच्या सरकारला खटकायचं तरी काय?" रेवाने विचारलं.

"आमचं तोंड," ग्लाडिस म्हणाली.

तो सगळा उत्तर भाग मूळचा पोर्तुगीज बोलणाऱ्यांचा. जमिनी, गुरं, मेंढ्या बऱ्याचशा ब्राझीलहून आलेल्यांच्या. राजधानीतल्या सरकारला धडकी भरली की आपला अर्धा देश परक्या भाषेत स्वप्नं बघतो. म्हणून त्यांनी सीमेवर गावं वसवली, शाळा काढल्या, दक्षिणेतून मास्तरणी पाठवल्या. शाळेत एकच भाषा, स्पॅनिश. घरी लोक दोन्हींचं कालवण बोलायचे, पोर्तुन्योल. ब्राझीलवाले म्हणायचे हे पोर्तुगीज नव्हे, राजधानीवाले म्हणायचे हे स्पॅनिश नव्हे, आणि मास्तरीण म्हणायची, "नीट बोल."

मी खुर्चीत जरा सावरून बसलो. 'नीट बोल' हे माझं वाक्य आहे.

"एकदा मास्तरणीने माझ्या आईला शाळेत बोलावलं," ग्लाडिस म्हणाली. "पोरीचं भलं हवं असेल तर तिच्याशी ही भेसळ बोलू नका म्हणाली. आईने ऐकलं. बिचारीला स्पॅनिश येत नव्हतं, पण माझ्याशी तेवढंच बोलायची. जेव, झोप, धडा वाच. सरकारी कागदासारखं. शेजारणी आल्या की मागच्या अंगणात बसायची आणि पोर्तुन्योलमध्ये अशा नकला करायची, अशा शिव्या हासडायची, की बायका लोळायच्या. मला आत पाठवलेलं असायचं." तिने नळीतून शेवटचा घोट ओढला, खुर्र आवाज झाला. "माझी आई गावातली सगळ्यात विनोदी बाई होती. मी तिला भिंतीतून ऐकलंय."

बाहेर मेंढ्या खोकत होत्या. (मेंढ्या खोकतात. अगदी माणसासारख्या. पहिल्या रात्री दचकू नका.)

मग रेवा म्हणाली, "बाबा इज हिलेरियस विथ काका."

सदा हा माझा धाकटा भाऊ, खानापुरात असतो. आमचा रविवारी फोन होतो. तेव्हा मी दार लावून घेतो, कारण आम्ही जे बोलतो ते वर्गात शिकवण्यालायक नाही. निम्मं कानडी वळणाचं, निम्मं शिव्यांचं.

"तुला काय माहीत?" मी विचारलं.

"माझी खोली शेजारी आहे," ती म्हणाली. आणि मग तिने कंबरेवर हात ठेवला, मान तिरकी केली, आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली, "काय करूलालास गा सदा? हवा खाऊलालास? खा, खा, फुकट मिळूलालीया!"

खानापूरचं हेल काढणं, शेवटचा झटका, सगळं. मी हे तिला कधीही शिकवलं नव्हतं. मृणाल पुण्याची, लग्न झाल्यावर पहिल्या वर्षात तिने माझं 'करूलालो' सुधारून 'करतोय' केलं होतं आणि मी ते प्रमाणपत्रासारखं मिरवत होतो. आणि ही रोटोटुनाची पोर, जी तेरा वर्षं मला "येह" म्हणून उत्तर देत आली, ती भिंतीतून माझी भाषा गोळा करत होती. सर्वांत वाकडी, सर्वांत माझी.

'मिळूलालीया' चुकलं होतं. आमच्याकडे तसं म्हणत नाहीत. वाक्य माझ्या ओठांवर आलं, आणि मी ग्लाडिसकडे बघितलं. ती तुंब्यात पाणी भरत होती.

"खाऊलालो की," मी म्हणालो. "तू काय करूलालीस?"

"जिंकूलाले!" रेवा म्हणाली.

दुसरा दिवस पावसाचा, फार्मवरच गेला. लोकरीचं शेड बघा, पावाला लोणी लावून खा, कुत्र्याशी तह करा. मी दिवसभर मला हरवणाऱ्या शब्दांना मराठी पर्याय शोधत बसलो होतो. बटाट्याला भूकंद म्हणून बघितलं, पण मृणालने भाजी वाढली नाही. तिसऱ्या दिवशी निघताना ग्लाडिसने पाव बांधून दिला. मी "थँक यू" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने पाठीत धपाटा घातला. पास झालो असावा.

पुढे स्ट्रॅथमोरच्या खिंडीत नक्की थांबा. आभाळ मोकळं असेल तर एकीकडे तारानाकीचा एकुलता एक शंकू आणि दुसरीकडे दूरवर मधल्या पठाराचे बर्फाळ डोंगर दिसतात. आम्हाला तारानाकीने अर्धं तोंड दाखवलं. न्यू प्लीमथला समुद्राकाठी मासे-चिप्स खाल्ले आणि आवाकिनोच्या घळीतून घरी परतलो. ज्यांना वळणं लागतात त्यांनी आल्याची वडी ठेवावी. संपूर्ण वळसा तीन दिवसांत आरामात होतो. उन्हाळ्यात गर्दी असते, एप्रिल उत्तम.

आता हिशेब. पैज म्हणजे पैज. रेवा वर्गाला येत नाही. मी तिची मनधरणी केली नाही, कारण फांगामोमोनाचा बोकडसुद्धा निकाल मानून गेला असेल. नव्या सत्रात उरलेली चारही मुलं आली. मी त्यांना सांगितलं की आजपासून या खोलीत जहाजांना बंदर खुलं आहे. टाकानिनीहून आजीआजोबांकडे आलेला एक पाहुणा पोरगा म्हणाला, "सर, माझे जँडल्स ओले झालेत." पूर्ण वाक्य, क्रियापदासकट! माझा लाल पेनचा हात शिवशिवला. मी तो खिशात घातला.

आणि गेल्या रविवारी संध्याकाळी सदाचा फोन आला, तर तो माझ्यासाठी नव्हता. रेवाने फोन घेतला, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी शेजारच्या खोलीत इस्त्री करत होतो. म्हणजे एकच शर्ट वीस मिनिटं. भिंतीतून सदाचं हसणं येत होतं, मध्ये रेवाचं इंग्रजी, मध्ये "काका, तू खोटं बोलूलालास," मध्ये माझी नक्कल, बाकावर चढून भाषण देतानाची, कुत्र्यासकट. तीन चुका मोजल्या. चौथीला मी मोजणं सोडलं. मृणाल दारात येऊन म्हणाली, "शर्ट जळेल."

तेव्हा बंधुभगिनींनो, सभा संपवण्याआधी एकच मागणं, आणि ते मी बाकावर चढून मागतो आहे. या रविवारी गावाकडे त्या एका माणसाला फोन लावा, ज्याच्याशी तुम्ही तुमची सगळ्यात वाकडी, घरगुती, दार लावून बोलायची मराठी बोलता. दोन मिनिटं मुलासमोर बोला, मनसोक्त. मग फोन मुलाच्या हातात द्या, खोलीबाहेर पडा आणि दार ओढून घ्या.

भिंतीला कान लावायला हरकत नाही. आत मात्र जाऊ नका.